तारीख उलटलेला पुडा आणि हॉटेलातलं पार्सल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. राग आहे त्यात, पण मुद्दाही आहे, म्हणून ‘धन्यवाद, मतभेद असू शकतात’ अशी बोळवण न करता जरा ऐसपैस लिहिते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख उलटली एवढ्याच कारणाने बिस्किटांचा न फोडलेला पुडा फेकू नका, असं मी लिहिलं होतं. त्याच लेखात पुढे असंही होतं की हॉटेलातून बांधून आणलेलं अन्न रात्रभर ओट्यावर राहिलं असेल तर सकाळी ते गरम करून खाऊ नका. यावर तुम्ही म्हणता : कंपनी छापते ती तारीख धाब्यावर बसवा आणि काल रात्री शिजलेलं अन्न मात्र फेका, ही कुठली तऱ्हा? एक तर तारीख माना, नाही तर नाकावर भरवसा ठेवा, दोन्ही दगडांवर पाय कशाला? शेवटी ‘लोकांना आजारी पाडायचे उद्योग’ असंही आहे. ते सोडून देते.

मला यात दोन दगड दिसतच नाहीत. दोन्ही सल्ल्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : या पदार्थात जिवाणू वाढायला पाणी, ऊब आणि वेळ मिळाला का? बिस्किटात पाणी जवळपास नसतंच. तारीख उलटून महिना झाला तर ते मऊ पडेल, त्यातलं तेल खवट लागेल, तुम्ही तोंड वाकडं कराल. दवाखान्यात जायची वेळ सहसा येणार नाही. ओट्यावरच्या भातात पाणी भरपूर, ऊब भरपूर, आणि आख्खी रात्र हाताशी.

‘कंपन्या काय उगाच तारीख छापतात?’ उगाच नाही छापत. पण ‘बेस्ट बिफोर’ हे चवीचं, कुरकुरीतपणाचं आश्वासन असतं. सुरक्षिततेची तारीख वेगळी, ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’. हा फरक माझ्या मनचा नाही. खाद्यपदार्थांची जागतिक मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सच्या लेबलांविषयीच्या नियमांतही या दोन व्याख्या वेगवेगळ्या आहेत. ‘यूज बाय’ उलटलेलं खा, असं मी कुठेही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा असेल तर तारखेबाबत एका दिवसाचीही सूट नको. तिथे तुमच्याइतकीच मी कडक आहे.

आता मला तुमच्याच तारखेविषयी एक विचारायचंय. टिकाऊ दुधाचा तो चौकोनी खोका घ्या. दूध १३५ अंश सेल्सिअसच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरलेलं असतं, म्हणून ते फ्रीजबाहेरही महिनोन्‌महिने टिकतं. वर ठळक तारीख असते, चार महिन्यांनंतरची. तुम्ही कोपरा कापता, कपभर दूध ओतता, खोका फ्रीजच्या दारात ठेवता आणि विसरता. आठवड्याने हाती लागतो. तारखेला अजून जवळजवळ चार महिने आहेत! प्यायचं? त्या ठळक तारखेखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते : उघडल्यावर थंड ठेवा, इतक्या दिवसांत संपवा. कात्री लागली त्या क्षणी ठळक तारीख रद्द झाली आणि ही बारीक ओळ लागू झाली. जॅम, सॉस, फळांचा रस, सगळ्यांचं हेच. तारीख काटेकोर पाळणारी माणसं नेमकी ही ओळ वाचत नाहीत, हा माझा अनुभव. (आणि फ्रीजचं दार ही दुधाची जागाच नव्हे. दर वेळी दार उघडलं की सगळ्यात आधी तिथलं तापमान वर जातं. पण खोका नेमका तिथेच मावतो, आपण तरी काय करणार.)

नाकाचं म्हणाल, तर नाक उपयोगाचं आहे, पण अर्धंच. दूध नासलं, भाजी आंबली, तेल खवट झालं हे नाकाला कळतं. आजारी पाडणारे बरेचसे जिवाणू मात्र वास, रंग, चव काहीही न बदलता वाढतात.

आता भाताकडे वळते, कारण तुमचा खरा राग तिथला दिसतो. ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचं झोपी गेलेलं, चिवट रूप, तांदळात असू शकतात. शिजवताना जिवाणू मरतात, बीजाणू तगून राहतात. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांच्यातले काही एक विष तयार करतात. हे विष नंतर कितीही खळखळ उकळलं तरी मोडत नाही. म्हणून ‘सकाळी चांगलं वाफवून घेतलं की झालं’ हे इथे चालत नाही. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात आणि दोष बिचाऱ्या सकाळच्या चहावर जातो. पास्ता आणि उकडलेला बटाटा यांचंही असंच होऊ शकतं.

वेग किती, तर मनासारखं तापमान मिळालं की काही जिवाणू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. शंभर असतील तर दोन तासांत सहा हजार चारशे, चार तासांत चार लाखांच्या वर. जागतिक आरोग्य संघटना सांगते ते याच हिशेबाने : शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर नको, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली, गरम ठेवायचं तर ६० च्या वर. उन्हाळ्यात तर दोन तासही जास्तच.

पार्सलची खरी गोम हीच आहे. आपण घड्याळ लावतो घरी पोचल्यापासून, आणि ते चालू झालेलं असतं ताट टेबलावर आलं तेव्हापासून. जेवण, गप्पा, ‘हे जरा बांधून द्या’, मग बिलाची वाट, मग दारात उभं राहून पुन्हा अर्धा तास गप्पा, मग प्रवास. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली तेव्हाच दोन तास संपत आलेले असतात. त्यातून डबा खोल आणि झाकण घट्ट, म्हणजे मधला भाग तासन्‌तास कोमट. तोच भात पसरट भांड्यात काढला, वाफ जाऊ दिली आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवला, तर दुसऱ्या दिवशी खुशाल खा, मीही खाते. गरम करताना मात्र मधोमध वाफ निघेपर्यंत करायचं, कडेने कढत आणि आत गारढोण असं नको. तेव्हा हॉटेलातलं उरलेलं खायला मी नाक मुरडते, हा आरोप काही मान्य नाही. माझं भांडण फक्त ओट्याशी आहे.

तुमचा एक मुद्दा मात्र मला आवडला : दुकानात आपण सगळेच हात लांब करून मागचं पाकीट ओढतो, मग घरी येऊन वाया घालवण्यावर प्रवचन कशाला. खरंय. आजच संपणार असेल तर पुढचं, जवळच्या तारखेचं पाकीट उचलायला काय हरकत आहे? कुणीच उचललं नाही तर दुकानदार ते फेकणार. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतून. म्हणजे हॉटेलं आणि दुकानं मिळूनही आपल्या स्वयंपाकघरांच्या मागेच. तुम्ही मला बेजबाबदार म्हणालात, म्हणून हा आकडा पुढे केला. चांगलं अन्न तारखेला घाबरून फेकण्यात कसली आली जबाबदारी?

गरोदर बायका, वयस्कर माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधोपचारांमुळे कमी झालीये त्यांनी सगळ्याच बाबतीत जास्त जपायचं, हे वेगळं सांगायला नकोच. लिस्टेरिया नावाचा जिवाणू तर फ्रीजमध्येसुद्धा सावकाश वाढतो.

आणि अंड्यांचं विचारलंत ते. पाण्यात तरंगलं म्हणजे सडलं असं नाही. अंडं जुनं होतं तसं कवचातून पाणी उडून जातं, आतली हवेची पोकळी मोठी होते, म्हणून ते तरंगतं. जुनं आहे एवढंच त्यावरून कळतं. वेगळ्या वाटीत फोडून बघा, थेट कढईत नको. ठीक वाटलं तर बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. आणि खरोखरच सडलेलं निघालं, तर शेजारच्या खोलीतूनच कुणी तरी ओरडून सांगेल.