मामांची मेल स्पॅममध्ये

घरात एकदा का कळलं की ह्याला डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेता येतं, की संपलंच. मामांच्या हळदीच्या धंद्यापासून सुरुवात झाली, मग वहिनीचा भरतनाट्यमचा क्लास, मग भावजींच्या टूर्स, मग सोसायटी, आणि हे सगळं माझ्या एकाच शेअर्ड होस्टिंगवर, कारण प्लॅनवर ठळक लिहिलंय अनलिमिटेड डोमेन अनलिमिटेड ईमेल आणि ते नेमकं भावजींनी वाचलं. खाली बारीक अक्षरात आयनोडची मर्यादा असते, म्हणजे फाइलींच्या संख्येवर लिमिट, आणि सर्व्हरवर प्रत्येक मेल ही एक वेगळी फाइल. पण ते बारीक अक्षर वाचायला मी आहेच की.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे वेबसाइटींची चाळ. सर्व्हर एक, आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता एक, बिऱ्हाडं शेकड्यांनी, आणि कुठल्या तरी खोलीतल्या टोणग्याने लॉटरीच्या मेल सोडल्या की तो आयपी ब्लॅकलिस्टमध्ये आणि आमच्या मामांचं हळदीचं कोटेशन गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये. तरी ह्या वेळी शेजारी निर्दोष निघाले. मामांच्या डोमेनला एसपीएफ रेकॉर्ड दोन होते, एक होस्टिंगवाल्यांचा आणि दुसरा बिलिंग सॉफ्टवेअरवाला येऊन चिकटवून गेलेला. ह्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरला आहे त्याची ती यादी असते, आणि नियम असा की यादी एकच हवी, दोन सापडल्या की दोन्ही बाद.

"दोन आहेत तर चांगलंच की," मामा म्हणाले, "डबल खात्री."

त्यात फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने हे सगळं कडक केलंय. मी दोन्ही याद्या एकत्र करून एकच रेकॉर्ड केला, डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, चालू केलं, आणि मामांना सांगितलं की चार तास थांबा, कारण टीटीएल १४४०० सेकंद आहे, तोवर लोकांचे सर्व्हर जुनंच लक्षात ठेवतात. चार तासांत मामांचे फोन किती आले ते विचारू नका.

पण खरी गंमत पासवर्ड बदलल्यावर. सगळीकडे एकच पासवर्ड होता, तोही मामींचं नाव आणि पुढे १२३, म्हणून मी बदलून दिला, मामांच्या मोबाइलवर स्वतः टाकला, आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात, पोर्ट ९९३, सगळं चकाचक. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"अरे वेबसाइट बंद पडलीय बघ."

"मामा, मला दिसतेय."

"तुला दिसणारच की रे, तुझीच आहे ती. आम्हाला दिसत नाही."

"घरून बघा बरं."

"घरून दिसतेय. दुकानातून नाही."

आता घरी दिसते आणि दुकानात नाही म्हटल्यावर मामांचा संशय वायरमनवर. सपोर्टच्या चॅटवर गेलो तर पलीकडचा मनुष्य आधी कॅशे क्लिअर करायला सांगतो, मग दुसरा ब्राउझर, मग मी अजून आहे ना असं विचारतो, आणि त्यानंतर कुठे कळतं की दुकानाचा आयपी त्यांच्या फायरवॉलने ब्लॉक केलाय. कारण दुकानात मुनीमजींचा एक पुराणा कॉम्प्युटर आहे, त्यात आउटलुक, त्यात जुना पासवर्ड, आणि तो दर पाच मिनिटांनी इमानेइतबारे मामींचं नाव आणि १२३ घेऊन दार ठोठावतोय. फायरवॉलला वाटलं दरोडा पडतोय.

आयपी सोडवून घेतला. मग मुनीमजींचं आउटलुक उघडलं तर ते पॉप वर लावलेलं, म्हणजे मेल स्वतःकडे उतरवून घ्यायच्या आणि सर्व्हरवरून पुसायच्या. मामांच्या मोबाइलवर गिऱ्हाइकांच्या मेल येत नव्हत्या त्या ह्यामुळे. वर्षभराची सगळी चौकशी त्या कॉम्प्युटरात सुखाने नांदत होती. मुनीमजींचं म्हणणं, मेल आली की मी फाइलला लावतो, मालकांनी कधी मागितली नाही.

ह्याच धामधुमीत भावजींचं डोमेन संपलं. रिन्यूअलच्या सूचना वेळेवर येत होत्या, त्यांनी वाचल्याही नव्हत्या, आणि संपल्यावर ज्या आल्या त्या वाचायची सोयच उरली नाही, कारण रजिस्ट्रेशनला दिलेला ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा. पासवर्ड रीसेटची लिंकसुद्धा तिथेच जाणार. ओळख पटवायला पॅन कार्डाचा फोटो पाठवावा लागला, आणि भावजींनी आधी लग्नातला पाठवला. हे कुणाला सांगू नका, ताईला माहीत नाहीये.

असो. मामांचं कोटेशन शेवटी इनबॉक्समध्ये पोचलं, एसपीएफ पास, डीकेआयएम पास, मी मेलचं हेडर, म्हणजे तिच्या प्रवासाची नोंद, उघडून डोळे भरून पाहिलं. संध्याकाळी गिऱ्हाइकाचं उत्तर आलं, "मेल मिळाली शेठ, जरा व्हॉट्सॲपवर टाका ना."

मामांनी टाकलं. आणि मला फोन केला की आता व्हॉट्सॲपलाही आपलं डोमेन जोडून दे.