नॉटिंग हिल कार्निव्हल कौन्सिलने सुरू केला? अजिबात नाही

दर ऑगस्टला फिरणारा मेसेज परत आलाय. म्हणे लंडनचा नॉटिंग हिल कार्निव्हल 1966 मध्ये तिथल्या कौन्सिलने, म्हणजे स्थानिक पालिकेने, काळ्या-गोऱ्यांना जवळ आणायला सुरू केला, त्याआधी काहीच नव्हतं, आता तो नुसता दारू-मारामारीचा धिंगाणा आहे आणि आपल्या लोकांचा त्याच्याशी काय संबंध. एकेक मुद्दा घेऊ.

"आधी काहीच नव्हतं." ऑगस्ट 1958 च्या शेवटी नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या पोरांच्या टोळ्या कॅरिबियन लोकांच्या घरांवर चालून गेल्या, कित्येक रात्री हेच चालू होतं. त्यानंतर पाच महिन्यांत, 30 जानेवारी 1959 ला, क्लॉडिया जोन्सने सेंट पँक्रस टाऊन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला. ही बाई मूळ त्रिनिदादची, वाढली अमेरिकेत, कम्युनिस्ट म्हणून तिथे जेलमध्ये टाकली आणि 1955 ला देशाबाहेरच काढली, मग लंडनला येऊन तिने वेस्ट इंडियन गॅझेट हा पेपर काढला. जानेवारी का, तर त्रिनिदादचा कार्निव्हल गोव्याच्या कार्निव्हलच्याच दिवसांत असतो, ईस्टरचे उपास लागायच्या आधी, आणि लंडनच्या त्या थंडीत रस्त्यावर नाचणं शक्यच नाही म्हणून हॉल. बीबीसीने तो टीव्हीवर दाखवला. आणि कार्यक्रमाच्या पुस्तिकेतच छापलं होतं की तिच्या विक्रीतून आलेल्या पैशातला काही भाग नॉटिंग हिलच्या केसेसमध्ये अडकलेल्या काळ्या आणि गोऱ्या, दोन्ही पोरांचे दंड भरायला जाईल. मार खाल्लेल्या लोकांनी पाच महिन्यांत हे केलं! एवढी मोठी गोष्ट मेसेजमधून सरळ गायब आहे, याचा खरंच राग येतो.

"कौन्सिलने सुरू केला." 1966 ची रस्त्यावरची जत्रा रोन लॅस्लेट या तिथेच राहणाऱ्या समाजसेविकेने भरवली, मुख्यतः वस्तीतल्या मुलांसाठी, आणि तिला क्लॉडियाच्या कार्निव्हलची कल्पनाही नव्हती. कौन्सिलने उलट मदतीतून अंग काढून घेतलं होतं. तिने रसेल हेंडरसनचा स्टीलबँड बोलावला, ते त्रिनिदादचे लोक पॅन, म्हणजे पिंपांपासून बनवलेली स्टीलची वाद्यं, गळ्यात अडकवून वाजवत वाजवत रस्त्याने निघाले, खिडक्यांतून ओळखीचा आवाज ऐकून माणसं खाली उतरली आणि मागे चालायला लागली, झाली मिरवणूक. पुढे 1973 पासून लेस्ली पामर या आयोजकाने वेशभूषा करून नाचणारे मोठे गट (त्यांनाही बँडच म्हणतात) आणि जमैकन साऊंड सिस्टिम, म्हणजे मोठाल्या स्पीकरांवर गाणी वाजवणारे संच, आणले, आज जो कार्निव्हल दिसतो तो बराचसा तिथून. मग सुरू कुणी केला? पुण्यात भाऊ रंगारी की टिळक हा वाद अजून मिटलेला नाही, इथेही क्लॉडिया की रोन यावर लोक भांडतात, भांडू देत, पण त्या यादीत कौन्सिल कुठेच नाही.

"नुसता धिंगाणा." गुन्हे होतात, ते नाकारायचं कारण नाही, 2024 ला तिथे चाकूहल्ला होऊन एका तरुण आईचा जीव गेला. पण दोन दिवसांत दहा लाखांच्या आसपास माणूस येतं, रविवार तर मुलांचा आणि कुटुंबांचा म्हणूनच ओळखला जातो. 2017 ला त्याच भागातल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत 72 माणसं गेली, त्यांच्यासाठी ही सगळी गर्दी, सगळे स्पीकर 72 सेकंद गप्प होतात. आणि 1976 च्या कार्निव्हलमध्ये पोलीस आणि काळ्या तरुणांत झालेल्या दंगलीचे फोटो मेसेजला जोडणाऱ्यांनी हेही लिहावं की त्या वर्षी सुमारे 3000 पोलीस आणून उभे केले होते, आणि नुसत्या संशयावरून काळ्या पोरांना उचलणारा 1824 चा कायदा तेव्हा सर्रास वापरला जायचा.

"आपला काय संबंध." क्लॉडियाच्या पेपरचं काम तिच्यासोबत सांभाळणारा, तिचा साथीदार अभिमन्यू मनचंदा भारतातला होता. पेपरच्या नावात पुढे आफ्रो-एशियन हे शब्दही आले. आणि ज्या त्रिनिदादमधून हा कार्निव्हल आला तिथे 1845 ते 1917 मध्ये सुमारे 1,43,000 भारतीय मजूर करारावर नेले गेले, त्यांचे ताशे आज तिथल्या कार्निव्हलमध्येही वाजतात.