एज्राने 40 दिवसांत तोरा लिहिला म्हणे!

‘ज्यूंच्या धर्मग्रंथाचा पर्दाफाश’ नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवरही कुणीतरी तो ढकलला. ग्रुपमध्ये तळमजल्यावरच्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या काकू आहेत, एवढंही पाठवणाऱ्याच्या डोक्यात आलं नाही. काकू काही बोलल्या नाहीत, म्हणून मी बोलते.

मेसेजचं म्हणणं असं: तोरा, म्हणजे मोशेचे समजले जाणारे पाच ग्रंथ, बाबेलच्या बंदिवासानंतर (ज्यूंना बॅबिलोनला पकडून नेलं होतं, त्यानंतर) एज्रा नावाच्या एकट्या शास्त्र्याने 40 दिवसांत रचले. त्याआधी त्यातली एक ओळही नव्हती. प्रलयाची गोष्ट चोरीची, सर्वांत जुनी प्रत इ.स. 1008 ची, शेवटचा हात फिरला 325 साली नायसियाच्या परिषदेत. आणि कोकणातल्या ज्यूंना हा धर्म शिकवला मिशनऱ्यांनी.

नायसिया आधी निकालात काढू. ती ख्रिस्ती बिशपांची परिषद. वाद एरियस नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूच्या मताचा आणि ईस्टरच्या तारखेचा. तिच्या 20 नियमांत धर्मग्रंथांच्या यादीचा नियमच नाही. 1008 ची प्रत ही संपूर्ण हिब्रू बायबलची सर्वांत जुनी प्रत. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत 1947 पासून सापडलेले सुटे ग्रंथ तिच्याहून हजारेक वर्षांनी जुने आहेत. पुढे.

आता ते 40 दिवस. ते आले रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडल्यानंतर, इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या एका ग्रंथातून. म्हणजे एज्रानंतर सुमारे 500 वर्षांनी! त्यात एज्रा अग्नीच्या रंगाचं काहीतरी पितो आणि पाच लेखकांना 40 दिवसांत 94 ग्रंथ सांगतो. पण त्या गोष्टीतसुद्धा नियमशास्त्र, म्हणजे तोरा, आधीपासून असतं, ते जळालेलं असतं, आणि एज्रा ते पुन्हा लिहवून घेतो. मेसेजवाल्याने 40 दिवस उचलले आणि जळालेला ग्रंथ सोयीस्कर वगळला.

‘एक ओळही नव्हती’ हे तर धडधडीत खोटं. 1979 साली यरुशलेममध्ये केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यांत गॅब्रिएल बारकाय यांच्या उत्खननात चांदीच्या पत्र्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या. ताईतच ते. त्यांवर प्राचीन हिब्रू लिपीत कोरलंय: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो. तोरातल्या ‘गणना’ नावाच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातला हा याजकांचा आशीर्वाद, थोड्या फरकाने. बहुतेक तज्ज्ञ त्यांचा काळ इ.स.पू. सातव्या शतकाची अखेर किंवा सहाव्याची सुरुवात मानतात. तेव्हा एज्रा जन्मलाही नव्हता. एवढ्यावरून अख्खा गणना ग्रंथ तयार होता असं ठरत नाही, पण त्या ‘एका ओळी’चा निकाल लागतो.

पाचही ग्रंथ मोशेनेच लिहिले, हे विद्यापीठांतले बहुतेक अभ्यासक आज मानत नाहीत, हे मात्र कबूल करावं लागेल. तोरातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पाचव्या ग्रंथाच्या शेवटी खुद्द मोशेचा मृत्यू आहे. त्या शेवटच्या आठ ओळी मोशेचा वारस यहोशवा याने लिहिल्या, असं मत ज्यूंच्याच तालमूद या धर्मग्रंथात नोंदवलंय. प्रलयाच्या गोष्टीत नोहा एकीकडे प्रत्येक प्राण्याची एक जोडी घेतो, दुसरीकडे शुद्ध प्राण्यांच्या सात. अशाच विसंगतींवरून 19व्या शतकात वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकाने तोरा चार वेगवेगळ्या लेखनप्रवाहांतून घडला, ही मांडणी पक्की केली. तीही आता तशीच्या तशी चालत नाही, पण अनेक हात आणि अनेक शतकं, हे टिकलंय. एकट्याच्या 40 दिवसांच्या बनावटीच्या हे नेमकं उलट. एज्राच्या काळात संपादन झालं असेलही. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, म्हणून ती एकनाथांनी रचली का?

प्रलयकथा मेसोपोटेमियात जुनी आहे, बरोबर. तिथल्या गिल्गामेश महाकाव्याच्या अकराव्या पाटीत पक्षी सोडण्यापर्यंत साम्य आहे. याला चोरी म्हणायचं तर कुठलं पुराण सुटेल?

राहिले मिशनरी. त्यांनी बेने इस्राएलींना हिब्रू शिकवलं, बायबल मराठीत आणलं, एवढं खरं. पण शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ कोकणात त्यांच्या आधीपासून होते. अमेरिकन मिशनरी मुंबईत पोचले 1813 मध्ये. बेने इस्राएलींनी मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधलं 1796 मध्ये.