म्हातारा मरतो का?

रोज रात्री मी ठरवतो, आज काहीतरी दर्जेदार वाचायचं. पुरस्कार मिळालेली एक नवी फँटसी कादंबरी महिनाभर उशाशी पडून आहे. तिच्यात चांगलं कोण नि वाईट कोण, हे चारशे पानं झाली तरी कळत नाही. ज्याच्यावर जीव जडवावा, तो पुढच्या प्रकरणात दगा देतो. अहो, हे तर मी ऑफिसात फुकट बघतो!

मग हात हळूच खालच्या कप्प्यात जातो. तिथं माझ्या पिवळ्या पडलेल्या, पाठीचे टाके उसवलेल्या जुन्या कादंबऱ्या असतात.

उघडलं की आधी नकाशा. त्यावर जेवढी गावं, तेवढ्या सगळ्यांना नायकाला पाय लावावेच लागतात. नायक म्हणजे शेतावरचा अनाथ पोरगा. त्याच्या खांद्यावरची खूण बघून अख्ख्या राज्याला कळतं की हा राजपुत्र. कळत नाही ते फक्त त्याला. दाढीवाल्या जादूगाराला सगळं ठाऊक असतं, पण विचारलं की ‘अजून वेळ आलेली नाही.’ पहिल्याच रात्री बोलला असता तर पुढचे चार खंड वाचले असते. म्हणजे, वाचावे लागले नसते.

डायना विन जोन्स या लेखिकेनं १९९६ साली या असल्या प्रदेशांची एक खट्याळ प्रवासमार्गदर्शिकाच लिहिली. तिथं जेवायला सदानकदा स्ट्यू. तो शिजायला तास न् तास लागतात, पण मुक्कामाला पोचलेल्या दमल्याभागल्या मंडळींना दुसरं काही सुचत नाही. घोडे तर इतके न थकता पळतात, की त्यांची पैदास परागीभवनानंच होत असावी, असा तिचा संशय. मी पोट धरून हसलो आणि त्याच रात्री पुन्हा त्या स्ट्यूभोवती जाऊन बसलो.

खलनायकाबद्दल तर मला आदरच आहे. काळा झगा, काळा मनोरा, आसपास गवताचं पातं नाही, पत्ता नकाशात छापलेला. माझे खलनायक हसून ‘काही लागलं तर सांगा हं’ म्हणतात आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला मेल धाडतात.

“सातव्यांदा? शेवट पाठ असेल तुला,” बायको म्हणाली.

“म्हणून तर झोप लागते.”

काल रात्री दोनला जाग आली. दिवा चालू. पहिला खंड तिच्या हातात, डोळे भरलेले.

“म्हातारा खरंच मेला का रे?”

तो दुसऱ्या खंडात, आणखी पांढरी दाढी घेऊन, परत येतो. मी तोंड उघडलं.

“नको, सांगू नकोस!” ती ओरडली. “आणि दुसरा खंड कुठे ठेवलायस?”