त्रास मिलिमीटरात मोजता येत नाही

‘हिरड्यांचा आजार जितका पुढे गेलेला, तितका माणसाचा त्रास जास्त’ हे हिरड्यांच्या आजारावरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. हाड किती झिजलं, हिरडी आणि दात यांच्यात किती मिलिमीटरची फट पडली, हे आजाराचं माप झालं, त्रासाचं नव्हे. दातातोंडाच्या तक्रारींचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो हे मोजणारी ओएचआयपी-१४ ही १९९७ पासूनची १४ प्रश्नांची प्रश्नावली दुखण्याखाण्याबरोबर लाज वाटते का, ताण येतो का, चिडचिड होते का, हेही विचारते. माझ्या सासऱ्यांचे निम्मे दात हलायचे, तरी रविवारी पांढरा रस्सा ओरपून ते तालमीच्या कट्ट्यावर मित्रांत रमायचे. आक्काचे दात त्या मानाने शाबूत. पण तोंडाला वास येतो या धास्तीनं तिनं हळदीकुंकवाला जाणंच बंद केलं. बोलताना सारखा पदर तोंडावर.

दुसरं म्हणजे, त्या लेखात हिरड्या बिघडवणारी म्हणून सिगारेट आहे, मिश्रीचा उल्लेखही नाही. कोल्हापूरच्या आसपास कुठल्याही गावात जाऊन बघा, किती बायका सकाळी मिश्री लावतात! ती भाजलेली तंबाखूच. तिनं हिरड्या बिघडतात, आणि डोक्याला ताप झाला की हात पुन्हा त्याच डबीकडे जातो. आक्काला एका दवाखान्यात सगळ्यांसमोर ‘दात घासत नाही का?’ म्हणून झापलं. ती परत तिथं गेलीच नाही. पुढं दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी झोप, साखर, घरची काळजी विचारली, तेव्हा कुठं ती मिश्रीबद्दल मोकळेपणानं बोलली.