नंबर सांगा

मामाने फ्लॅट रिकामा करताना एक जुना रेकॉर्ड प्लेयर माझ्या गळ्यात मारला, त्याची पिन झिजलीये, एवढंच. नवीन पिन आणायची आणि बसवायची असं कुणालाही वाटेल. पण पिन मिळते कार्ट्रिजच्या, म्हणजे ती ज्या इवल्याशा डबीत बसते तिच्या, नंबरावर, आणि तो नंबर छापणारा माणूस मला एकदा भेटायचाय. आर्मच्या डोक्यात स्क्रूने आवळल्यावर जो भाग झाकला जातो, नेमका तिथेच छापलाय. स्क्रू काढले तर एक अक्षर 'जी', पुढे नुसतं पुसट.

मग गेलो पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत. काउंटरवरच्याने मोबाईलमधून मान वर न करता विचारलं, "नंबर?" म्हटलं तोच तर सापडत नाहीये. "मग अवघड आहे साहेब." संपलं.

शेजारी एक काका उभे होते, गॅसचा लायटर पेटत नाही म्हणून भांडायला आलेले. "बघू हो" म्हणत त्यांनी माझ्या हातातून कार्ट्रिज घेतलंच, चष्मा कपाळावर चढवला, उजेडात धरलं.

"हे लायटरमधलं आहे."

म्हटलं काका, रेकॉर्ड प्लेयरचं आहे, सिरॅमिक कार्ट्रिज म्हणतात, पिन थरथरली की आतल्या तुकड्यावर ताण येतो आणि वीज तयार होते.

"मग लायटरच की! दाबलं की ठिणगी."

आता राग याचा, की काकांचं बरोबर होतं. दोन्हीकडे पिझोच, म्हणजे ताण आला की वीज देणारा तुकडा, फक्त तिकडे हातोडी बसते आणि इकडे गाणं. पण भर दुकानात हार कशी मानायची, म्हणून मी जरा वरच्या पट्टीत सांगितलं की अजून जुनं असेल तर आत सिरॅमिक नसतं, रोशेल सॉल्टचा क्रिस्टल असतो.

"मीठ? मग पावसाळ्यात पाणी सुटलं असणार. आमच्याकडे ही मिठाच्या बरणीत तांदूळ टाकून ठेवते. तुम्ही टाकले होते का?"

दुकानदार हसला, तो बाजूचा मिक्सरचं भांडं घेऊन आलेला पोरगा पण हसला. आणि हेही बरोबर! ते क्रिस्टल दमट हवेत खरंच खराब होतात. म्हणजे नवीन पिन मिळाली तरी आवाज येईलच असं नाही, हे मला लायटरवाल्या काकांकडून कळावं?

घरी काय कमी खटपट केली होती का. मागे चार टोकं, म्हणजे स्टिरिओ. स्क्रूंमधलं अंतर पट्टीने मोजलं, अर्धा इंच, जे जगातल्या बहुतेक कार्ट्रिजचं असतं, म्हणजे हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीत 'नाक एक, डोळे दोन' लिहिण्यापैकी. बाजूला एक इवलासा खटका, एकीकडे 'एलपी', दुसरीकडे '78'. 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डची, चर रुंद, तिला साधारण 75 मायक्रॉनचं टोक लागतं, एलपीला 18 च्या आसपास, म्हणून एकाच दांडीवर दोन टोकं. ही एवढी माहिती फोटोसकट परदेशातल्या एका विक्रेत्याला पाठवली, तर त्याचं अत्यंत नम्र उत्तर, कृपया मॉडेल नंबर कळवा. अरे नंबर असता तर तुला कशाला लिहिलं असतं बाबा! आणि वस्तू बनवणाऱ्यांना पिनच्या प्लास्टिकवर चार आकडे उठवायला काय धाड भरते? बदलायची वस्तू ती, नंबर तिच्यावर नको?

काकांना मात्र नवा लायटर मिळाला. फुकट. बिलसुद्धा नव्हतं त्यांच्याकडे.

मला दुकानदार म्हणाला, मोबाईल नंबर लिहून ठेवा, काही कळलं तर सांगतो. कळलं काहीच नाही, पण तो नंबर त्याने काकांना दिला. काल संध्याकाळी काका रिक्षा करून दारात हजर, दोन पिशव्या भरून नाट्यगीतांच्या रेकॉर्डी. घरात जागा नाही म्हणाले, आणि तुमच्याकडे प्लेयर आहेच. वर मलाच दम, जपून ठेवा, लाखेच्या आहेत, पडल्या की फुटतात.