आज तू अजून श्वास घेतलेला नाहीस

तर तुम्ही ठरवलंयच, लहान मुलांसाठी माइंडफुलनेसचं, म्हणजे श्वासाकडे लक्ष देऊन शांत बसायला शिकवणारं ॲप काढायचं. उत्तम! ही कल्पना बहुतेकांना एकाच वेळी सुचते, रात्री साडेनऊला, पोरगं सोफ्यावरून उड्या मारत असतं, तुमचा अमेरिकेचा कॉल चालू असतो आणि तुम्ही म्यूटचं बटण शोधत असता. त्या क्षणी या घरात अशांत नक्की कोण आहे असा प्रश्न डोक्यात आला तर तो तिथेच सोडून द्या, त्यात बिझनेस नाहीये.

आधी वय ठरवा. तीन ते सहा. मोठ्या पोरांच्या नादी लागूच नका, ब्रिटनमधे आठ हजारांवर शाळकरी मुलांना घेऊन मोठा प्रयोग झाला, 11 वर्षं आणि पुढची मुलं, आणि 2022 ला निकाल आला की माइंडफुलनेसच्या तासांचा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त काही उपयोग झाला नाही, शिवाय बहुतेकांनी घरी सरावच केला नव्हता. अकरा वर्षांचं पोरगं सरळ सांगतं बोअर होतंय. चार वर्षांचंही सांगतं, पण ते जमिनीवर लोळून सांगतं, आणि त्याला आपण 'बिग फीलिंग्ज' असं नाव देऊन लेव्हल दोनमधे टाकू शकतो.

आता कोणीतरी शहाणा येऊन म्हणेल की जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मधेच सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर स्क्रीन नको, त्याहून कमी दिली तर अजून चांगलं. त्याला सांगायचं की आमचं ॲप स्क्रीन टाइममधे धरायचंच नाही, कारण आम्ही मुलांना डोळे मिटायला सांगतो. फक्त खरंच मिटायला सांगू नका हं! डोळे मिटले की स्क्रीनवरचं कमळ दिसणार नाही, बक्षिसाची नाणी दिसणार नाहीत, खालची जाहिरात तर नाहीच नाही. 'डोळे अर्धवट मिटा' हा शब्दप्रयोग बघा जमतोय का. (आणि कमळाचा लोगो करणार असाल तर आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून घ्या, निवडणूक जवळ असली की काका लोकांचे गैरसमज होतात.)

मग श्वास. मोठ्यांच्या ॲपमधलं 4-7-8 तसंच्या तसं उचला, चार सेकंद आत, सात सेकंद रोखून, आठ सेकंद बाहेर. एकूण 19 सेकंदांचा एक श्वास. चार वर्षांचं मूल नुसतं बसलेलं असतानाही मिनिटाला वीस-पंचवीस श्वास घेतं, म्हणजे तेवढ्या वेळात त्याचे सहा ते आठ होऊन जातात, पण ही बालरोगतज्ज्ञांची भाषा झाली, आपल्या भाषेत याला 'इम्प्रूव्हमेंटला स्कोप' म्हणतात. मूल लाल झालं तर स्क्रीनवर कासव टाळ्या वाजवू दे.

मराठी व्हर्जन काढाच, पण त्यावर पैसे घालवू नका, मशीनकडून भाषांतर करून घ्या. 'कृपया आपल्या पोटाला हॅलो म्हणा. आपले विचार ढगांप्रमाणे जाऊ द्यावेत.' आवाज रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखा हवा, चार वर्षांच्या पोराला अहोजाहो झालंच पाहिजे. जुलै महिन्यात ढग म्हटल्यावर त्याला फक्त शाळेला सुट्टी आहे का एवढंच सुचेल, चालेल.

आपल्या पिढीला हे सगळं फुकटात मिळालं होतं खरं, हाताची घडी तोंडावर बोट, वर बाई छडी घेऊन उभ्या. तेच द्या, पण 'सायलेंट हग' म्हणून, महिना 299.

कायद्याचं मात्र नीट बघा. 2023 च्या डेटा कायद्यानुसार 18 च्या आतल्या मुलांसाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते, मुलांवर पाळत ठेवता येत नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवता येत नाहीत, आणि दंड 200 कोटींपर्यंत आहे. घाबरू नका. पाळतीला 'मूड जर्नल' म्हणा. आणि संमतीसाठी ते नेहमीचं गणित ठेवा, 7 गुणिले 8 किती, म्हणजे समोर मोठं माणूस आहे हे सिद्ध झालं. दुसरीतल्या ताईला 56 लगेच येतं, बाबांना कॅल्क्युलेटर लागतो, पण सिद्ध झालं ना.

आता खरा जीव कशात आहे, तर स्ट्रीकमधे. रोज सलग यायला हवं, एक दिवस चुकला की कासव आजारी. संध्याकाळी सात वाजता नोटिफिकेशन पाठवा: 'आज तू अजून श्वास घेतलेला नाहीस.' आजी हे वाचून घाबरेल, तिच्यासाठी फॅमिली प्लॅन आहे.

शेवटचं, टेस्टिंग. सोसायटीतलीच चार पोरं गोळा करा. माइकवर फुंकर मारली की कमळ उमलतं असं काहीतरी तुम्ही केलेलं असणारच. पहिल्याच दिवशी कळेल की कुकरच्या शिट्टीला तीन स्टार मिळतात. तिसऱ्या दिवशी पोरं फोन टेबलफॅनसमोर उभा करून ठेवतील, मान फिरवणारा फॅन, दर फेरीला एक फुंकर, संथ, एका लयीत, चाळीस मिनिटं सलग, इतकं शुद्ध ध्यान तुमच्या डेटात कोणीच केलेलं नसेल. इन्व्हेस्टरला ग्राफ आवडेल, आईबाबांना 'आज मुलाने 40 मिनिटं ध्यान केलं' असा मेसेज जाईल आणि ते तो स्टेटसला लावतील, आणि पोरं तोपर्यंत खाली पार्किंगमधे लगोरी खेळत असतील. हा बग अजिबात दुरुस्त करू नका.